थारला जादा दिवे बसवताना

वसमतहून औंढ्याकडे रात्री नऊनंतर निघालं की रस्त्यावर गाड्या कमी आणि बाकीचं सगळं जास्त असतं. गळीत हंगामात एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, वर उसाची वाढं लोंबत असतात आणि त्यांचा रंग रस्त्यात मिसळून गेलेला असतो. थ्री-फेज रात्रीची असली की मोटार चालू करायला निघालेली माणसं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मोबाईल, अंगावर हमखास गडद रंगाची चादर. डोंगराच्या अंगाला वळलं की रोही (नीलगायी) आणि रानडुकरं. रोह्याचं एक आहे, एक आडवा गेला म्हणून तुम्ही गाडी सोडली की दुसरा येतोच.

मी जनावरांची डॉक्टर आहे. गायी-म्हशी विताना बहुतेक रात्रीच अडतात. निदान फोन तरी रात्रीच येतात, कारण दिवसभर "बगू, व्हईल मोकळी" म्हणत वाट पाहिलेली असते. मग दिवस मावळल्यावर कुणीतरी म्हणतं, मॅडमला फोन लावा. आखाडे, म्हणजे शेतावरचे गोठे, गावापासून लांब, वाट कॅनॉलच्या भरावावरून किंवा नाल्यातून. म्हणून सेकंड हॅण्ड महिंद्रा थार घेतली. जुनी सीआरडीई डिझेल, फोर बाय फोर, एमएच ३८ म्हणजे हिंगोली पासिंगची. काळ्या रानात दोन पाऊस झाले की साध्या गाडीचं चाक नुसतं जागेवर फिरतं. ही गाडी लो रेंजला टाकली की कण्हत-कुथत का होईना, आखाड्यापर्यंत जाते. गाडीबद्दल माझी तक्रार एकच होती, ती म्हणजे पुढचा उजेड. अप्पर (लांबचा झोत) मारला तरी डिप्परच (जवळचा, खाली वाकलेला झोत) आहे की काय अशी शंका यायची.

या लिखाणाखाली हमखास कुणीतरी विचारणार, "मॅडम, हळू चालवायची ना मग." चालवतेच. तरी हिशेब सांगते. ताशी ८० म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, ३३ मीटर गाडी तशीच पुढे गेली. कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक लागले तर थांबायला आणखी ४० मीटर. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर मीटर. आणि डिप्परच्या उजेडात गडद चादरीतला माणूस पन्नास मीटरच्या आसपास दिसला तर दिसला, तोही बल्ब आणि काच धड असतील तर. साठच्या वेगाला हाच हिशेब पन्नास मीटरच्या आत बसतो. म्हणून समोरून गाड्या असतील आणि डिप्परवरच चालवायचं असेल तर मी साठच्या वर जात नाही. माझी माणसं त्याला "डॉक्टरीणबाई बैलगाडी हाणायल्यात" म्हणतात. म्हणू देत.

आमच्याकडे वायरिंगचं काम करणारे एक चाचा आहेत. त्यांचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेचं पत्र्याचं शेड, आत जुन्या बॅटऱ्या, पुढे कायम एखादा ट्रॅक्टर उभा. चाचांनी डायनामोच्या जीपा पाहिल्यात, मॅग्नेटोच्या गाड्या पाहिल्यात, आणि एलईडी या प्रकारावर त्यांचा मनापासून राग आहे. मी म्हटलं, चाचा, पुढं दोन फोकस टाकायचेत. ते म्हणाले, "कामून? हायेत ते दिवे काय वाईट हायेत?" मी म्हटलं दिसत नाही. तर म्हणाले, "मग आधी हायेत त्येला काय झालंय ते बगू की."

हे मला पटलं. कुणीही जादा दिवे टाकायच्या आधी हेच करावं असं माझं मत झालंय. इंजिन चालू, दिवे अप्परवर, आणि मल्टीमीटर. बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८ व्होल्ट. मग बल्बच्या होल्डरच्या मागून पिना लावल्या, तिथे १२. म्हणजे मधल्या वाटेत पावणेदोन-दोन व्होल्ट कुठेतरी खर्च होत होते. थारला एच४ बल्ब येतात, अप्परला ६० वॅट आणि डिप्परला ५५. दोन्ही अप्पर मिळून १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर करंट. माझ्या गाडीत तो सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून, जुन्या कपलरमधून आणि बारीक वायरमधून लांबचा फेरा मारून पुढे जात होता. स्विचचे पॉइंट काळे पडलेले, दिव्याची अर्थची (मायनसची) वायर गंजलेल्या स्क्रूखाली. जिथे जिथे अडथळा, तिथे तिथे थोडा व्होल्टेज गरम होऊन जातो.

हॅलोजनचं गणित फार क्रूर असतं. व्होल्टेज १० टक्के पडला की उजेड १० टक्के नाही, जवळजवळ ३० टक्के पडतो. आमचा १३ टक्के पडत होता. म्हणजे कंपनीने दिलेल्या उजेडातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उजेड माझ्यापर्यंत कधी पोचतच नव्हता, आणि मी मात्र नवीन दिव्यांच्या किमती बघत बसले होते.

यावर बाजारात दोन झटपट उपाय मिळतात आणि दोन्ही वाईट. एक म्हणजे १००/९० वॅटचा बल्ब. त्याच थकलेल्या वायरीतून आणखी करंट ओढायचा, मग होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर पिवळा पडतो, आणि नियमातही तो बसत नाही. दुसरा म्हणजे हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब. तो रिफ्लेक्टर एका विशिष्ट जागी असलेल्या बारीक तारेसाठी घडवलेला असतो. एलईडीच्या चिपा त्या जागी नेमक्या बसत नाहीत, मग उजेड चौफेर उधळतो. चालवणाऱ्याला वाटतं, वा, काय पांढरं झालं! समोरच्याचे डोळे जातात आणि लांबचं तुम्हालाही दिसत नाहीच.

खरा उपाय रिले, म्हणजे इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच. स्विचने फक्त इशारा द्यायचा, दिव्याला लागणारा करंट बॅटरीतून थेट जाडजूड वायरने न्यायचा. रिलेच्या पायांवर जे आकडे छापलेले असतात ते एका जर्मन मानकातून आलेले आहेत, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा घ्या, आकडे तेच. ३० ला बॅटरीची प्लस, ८७ वरून दिव्याकडे, ८५ आणि ८६ मध्ये कॉईल. एकीकडे अर्थ, दुसरीकडे स्विचचा इशारा. कॉईलला लागतो तो करंट अँपिअरचा पाचवा-सहावा हिस्सा, स्विचला त्याचा पत्ताही लागत नाही. पाच पायांचा रिले मिळाला तर मधल्या ८७ए ला हात लावायचा नाही, कारण तो रिले बंद असताना जोडलेला असतो आणि दिवा उलटा वागायला लागतो. आणि रिलेच्या अंगावर डायोडचं चिन्ह असेल तर ८५-८६ अदलाबदल करायचे नाहीत.

हेडलाईटला दोन रिले लागले, अप्परचा एक, डिप्परचा एक. जोडणी झाल्यावर होल्डरवर मीटर १३.५ दाखवू लागला. बल्ब तेच, काच तीच. त्या रात्री औंढा रोडला गेले आणि मैलाचा दगड वाचता आला तेव्हा खरं सांगते, जादा दिव्यांचा विचार सोडून द्यावा असंच वाटलं. डांबरी रस्त्यापुरतं बोलायचं तर सोडायलाही हरकत नव्हती. पण कॅनॉलचा रस्ता डांबरी नाही. सिद्धेश्वर धरणाच्या कॅनॉलवरून जाताना एका बाजूला पाणी, एका बाजूला दहा फूट खाली शेत, मधे खडी, खड्डे आणि फुफाटा. तिथे नुसतं समोर दिसून भागत नाही, दोन्ही कडा दिसाव्या लागतात.

म्हणून दिवे घ्यायला संभाजीनगरला गेले. दुकानात पहिल्यांदा जे दाखवतात ते खोक्यावर लिहिलेल्या वॅटच्या क्रमाने दाखवतात. १२०, १८०, ३००. मुठीएवढ्या दिव्याला १८० वॅट! मी माझं मीटर सोबत नेलं होतं. दुकानदाराला म्हटलं, दादा, बॅटरीवर लावून दाखवा. मधे मीटर घातला. काटा नव्हता, डिजिटलच होतं, पण आकडा स्थिर झाला २.४ अँपिअरवर. बॅटरी १२.६ व्होल्ट. गुणाकार केला तर ३० वॅट. दुकानदाराने शांतपणे दिवा खोक्यात घातला, खोकं वरच्या फळीवर ठेवलं आणि खालच्या कपाटातून दुसरं काढलं. त्यावर ४० लिहिलं होतं आणि मीटरनेही जवळपास तेवढेच दाखवले. ते घेतले. जड होते, मागे हवा खेळायला ॲल्युमिनियमच्या खोल पात्या होत्या, त्यावरूनच अंदाज येतो. एलईडीला गरमी बाहेर टाकायला जागा लागते; हलका आणि पातळ दिवा मोठाले वॅट सांगत असेल तर तो थापा मारतोय.

आयपी ६७ लिहिलेलं बघून घेतलं. म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालेल. नाला ओलांडायला तेवढं बस्स. पण धुवायला आणलेला प्रेशर पंप वेगळी गोष्ट आहे, तो नोझल दिव्याच्या कडेवर धरायचा नाही, ६७ त्यासाठी नाही.

एलईडी बार का नाही, असं पुतण्याने विचारलं. तो कॉलेजला आहे, त्याला टपावर लांबलचक बार हवा होता. टपावरचा दिवा डोळ्याच्या रेषेच्या जवळ असतो. फुफाटा उडाला किंवा पहाटे पूर्णेच्या काठाला धुकं धरलं की धुळीचे-पाण्याचे कण तो उजेड सरळ तुमच्याच डोळ्यांकडे परत पाठवतात. वर त्याने आधी बॉनेट उजळतं. बॉनेट आणि पुढची दहा फूट जमीन लख्ख झाली की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी काळा होतो. उजेड वाढला, दिसणं कमी झालं. दिवा जितका खाली आणि जितका डोळ्यापासून लांब, तितकी धूळ कमी त्रास देते. रंगाबद्दल लोक फार बोलतात, पिवळा चांगला की पांढरा. निळसर पांढरा धुळीत डोळ्यांना खुपतो हे माझ्याही अनुभवाचं आहे, म्हणून एकदम ६५०० केल्विनवाले टाळले. पण पिवळी फिल्म लावून चुकीच्या जागी बसवलेला दिवा सुधारत नाही.

बसवायचे बंपरवर हे ठरलं. बुलबार (बंपरपुढची लोखंडी पाईपची चौकट) लावून त्यावर बसवायची पद्धत आपल्याकडे होती, पण २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून बुलबारवर कारवाई करायला सांगितलं, आणि पायी चालणाऱ्याला तो लोखंडी पाईप काय करतो हे समजायला डॉक्टर असायची गरज नाही. दिव्यांसोबत पातळ पत्र्याचे ब्रॅकेट आले होते. चाचांनी बोटाने हलवून बघितले आणि बाजूला टाकले. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून ५ एमएमची लोखंडी (एमएस) पट्टी वाकवून घेतली. ब्रॅकेट हलत असेल तर खडीवर उजेड थरथरतो आणि अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं. बंपरला छिद्र पाडल्यावर कडेला रेड ऑक्साईड लावलं, नाहीतर पहिल्या पावसात तिथूनच गंज सुरू. साध्या नटाऐवजी नायलॉकचे नट, ते हादऱ्याने सैल होत नाहीत. दिवे जाळीसमोर येऊ दिले नाहीत, रेडिएटरची हवा अडते. उन्हाळ्यात आपल्याकडे ४२-४३ डिग्रीला आधीच इंजिनाचा जीव मेटाकुटीला आलेला असतो.

वायरिंगला बसायच्या आधी बॅटरीचा मायनस काढला. मग हिशेब: दोन दिवे मिळून ८० वॅट, म्हणजे सहा-साडेसहा अँपिअर. अडीच स्क्वेअर एमएमची वायर, १० अँपिअरचा लाल फ्यूज. चाचा म्हणाले, "तीसचा टाका की, सारखा उडनार न्हाई." हा वाद प्रत्येक गॅरेजमध्ये होतो. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसतो, वायरला वाचवण्यासाठी असतो. बारीक वायरीवर ३० चा हिरवा फ्यूज लावला तर कुठे वायर घासून बॉडीला टेकली की आधी वायर पेटेल, मग फ्यूज विचार करेल. आणि फ्यूज लावायचा तो बॅटरीपासून वीतभर अंतरात, दिव्याजवळ नाही. मधल्या सगळ्या वायरचं रक्षण कुणी करायचं?

वायरीचे जोड डागायचे (सोल्डर) की दाबायचे यावरून आणखी एक चर्चा झाली. चाचा डागणारे. त्यांचा हात फार सुंदर आहे, रोझीनचा वास, कथलाचा थेंब वायरीत शिरून चकाकत थांबतो, बघत राहावं. पण डाग जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि गाडी हादरत राहिली की नेमकी तिथेच तुटते. शेवटी दोघांचं राहिलं. थिंबल (वायरीच्या टोकाचे धातूचे तुकडे) दाबून बसवले, वरून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली, आणि जिथे वायर हलणारच नव्हती तिथे चाचांनी आपल्या समाधानासाठी डाग दिला. वायर फ्लेक्सिबल पाईपमधून मडगार्डच्या आतल्या कडेने नेली, सायलेन्सर आणि पंख्यापासून लांब, केबल टायने बांधत. डॅशबोर्डमध्ये शिरताना पत्र्याच्या छिद्राला रबरी ग्रोमेट (कडी). गाडी गोठ्याजवळ उभी राहते, तिथे उंदीर असतातच. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, महिन्यातून एकदा बॉनेट उघडून बघते.

आता या सगळ्यातलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. चाचांची रीत सरळ होती: बॅटरीवरून स्विच, स्विचवरून रिले, बटण दाबलं की दिवे. मी म्हटलं, नाही. रिलेचा इशारा अप्परच्या वायरवरून घ्यायचा आणि डॅशबोर्डचं बटण त्याच्या मधे. म्हणजे बटण चालू आणि अप्पर चालू, दोन्ही असेल तरच दिवे लागतील. समोरून गाडी आली, डिप्पर मारला, की हेडलाईटबरोबर हे दोन्हीही विझलेच पाहिजेत. वेगळं बटण शोधायला लागलं तर माणूस शोधत नाही. मीही शोधणार नाही, विशेषतः रात्री दोनला, तीन तास म्हशीशी झटून परत येताना. चाचा म्हणाले, "मंग येवढे पैसे घालून समोरची गाडी आली की बंदच व्हनार?" होय, त्यासाठीच. समोरून येणारा मोटारसायकलवाला असतो, मागे बायको, मधे लेकरू, आणि रस्त्याच्या कडेला साईडपट्टी नावाचा प्रकार आपल्याकडे कागदावरच असतो. त्याचे डोळे दोन सेकंद गेले तर तो कुठे जाईल?

अप्परच्या वायरला टॅप मारायच्या आधी मीटरने बघून घ्यावं. एच४ च्या तीन पिनांत जी सामाईक पिन असते ती काही गाड्यांत अर्थ असते तर काहींत प्लस, आणि तिथे स्विच मायनस बाजूने काम करतो. अशा गाडीत ८५-८६ ची जोडणी त्याप्रमाणे बदलते. गावाकडे दिवे "बसवले पण लागत नाहीत" म्हणून परत आलेल्या गाड्यांत हाच घोळ असू शकतो.

दिवे लागले. मग त्यांचं तोंड कुठे करायचं? याला लोक पाच मिनिटं देतात, आम्ही एक अख्खी संध्याकाळ दिली. मोंढ्याच्या मागे एका जिनिंगची लांब भिंत आहे, समोर सिमेंटची सपाट जागा. वॉचमन मामांच्या शेळीला मागे औषध दिलं होतं, त्यांनी गेट उघडलं. गाडी भिंतीपासून २५ फुटांवर उभी केली, टायरची हवा बरोबर करून, मागे माझी औषधांची पेटी आणि नेहमीचं सामान तसंच ठेवून. मागे वजन नसताना लावलेला दिवा वजन टाकल्यावर आभाळाकडे बघतो. भिंतीवर खडूने दोन्ही दिव्यांच्या मध्याच्या उंचीची रेघ मारली. एकावर पोतं टाकून झाकला, दुसरा लावला. उजेडाचा सर्वांत झगझगीत भाग रेघेच्या चार बोटं खाली येईल असा वाकवला. चार बोटं म्हणजे साधारण साडेसात सेंटिमीटर, २५ फुटांवर एक टक्का उतार धरला तर तेवढाच येतो. मग दुसरा. दोन्ही दिवे एकदम समोर धरले नाहीत. डावा जरासा डावीकडे, रस्त्याच्या कडेवर, कारण माणसं आणि जनावरं तिथूनच येतात. उजवा सरळ. नट अर्धवट आवळून गाडी खडीवरून फिरवून आणली, परत भिंतीसमोर लावली, उजवा एक बोट खाली आला होता. परत उचलला, पूर्ण आवळला, आणि नटावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. ठिपका चिरला म्हणजे नट हलला. चाचांना ही युक्ती इतकी आवडली की बाटली त्यांनी ठेवून घेतली. गुलाबी आहे.

नियमाचं बोलायचं तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये पुढच्या दिव्याचा झोत खाली वाकलेला हवा, ८ मीटरवर दीड मीटर उंचीच्या डोळ्यांना तो दिपवता कामा नये, असं सांगितलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. तेव्हा जादा दिव्यांवरून पावती फाडली गेली तर वाद घालायचा नाही हे मी धरूनच चालते. हमरस्त्यावर दिव्यांना काळी झाकणं असतात. कॅनॉलला लागलं की उतरून झाकणं काढायची, डांबराला लागलं की परत लावायची. कंटाळवाणं काम आहे, पण तेवढ्यात टायरही बघून होतात.

मागच्या बाजूला मात्र एक तिसरा दिवा लावला, आणि खरं तर सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. १८ वॅटचा साधा फ्लड (पसरट उजेडाचा दिवा), मागच्या दाराच्या वर, पूर्ण वेगळं बटण, वेगळा फ्यूज. आखाड्यावर लाईट नसते किंवा सिंगल फेजवर बल्ब तांबडा होऊन बसलेला असतो. म्हशीचं अंग (मायांग) बाहेर आलेलं, ते धुवायचं, आत सारायचं, टाका घालायचा, आणि उजेड म्हणजे घरातल्या पोराच्या हातातला मोबाईल, तोही रक्त बघून भलतीकडे वळतो. आता गाडी उलटी लावते. दिवा म्हशीच्या डोक्याकडून येऊ द्यायचा नाही, ती बुजते. मागून आणि थोडा बाजूने. आणि माझी सावली कामाच्या जागेवर पडणार नाही असा. पावसाळ्यात पाच मिनिटांत एवढे किडे जमतात की उघड्या जखमेवर पडायला लागतात. त्यावर उपाय म्हणजे दिवा थोडा लांबून लावायचा, म्हणजे किडे दिव्याशी खेळतात, आपण आपलं काम करतो. त्याला मी पिवळी फिल्म लावली आहे, किडे जरा कमी येतात. निघताना तो बंद झालाय हे उतरून बघते, पांढरा दिवा मागे चालू ठेवून रस्त्यावर जायचं नसतं. बटणाच्या शेजारी लाल इंडिकेटर लावून दिलाय चाचांनी, तरीही बघते.

एकच कटकट राहिली. पुढचे दिवे लावले की रेडिओ खरखरतो. एलईडीच्या आतल्या सर्किटचा हा गुण. अर्थची वायर वेगळी करून, एरियलपासून लांब नेऊन थोडं कमी झालं, गेलं नाही. चाचांना अर्थातच आनंद झाला. "हॅलोजनला आसलं कायबी व्हत न्हाई बगा."

खर्चाचं विचारतील त्यांच्यासाठी: दिवे महाग पडले, पण सगळ्यात जास्त फरक पडला तो हेडलाईटच्या दोन रिले, थोडी वायर आणि घासून साफ केलेल्या अर्थमुळे, आणि त्याचा खर्च दिव्यांपुढे काहीच नव्हता. पैसे कमी असतील तर तेवढंच करा आणि थांबा. चाचांनी सांगितली ती मजुरी मी एका शब्दात दिली. त्यांच्या शेळ्यांच्या लसीचे पैसे मात्र त्यांनी घासाघीस करूनच दिले.